सतरा नंबरचा रेणू

तुळसाबाईचा पाय पेपरात छापून आला तेव्हा भाताच्या रोवणीचा हंगाम जोरात होता. सकाळच्या गाडीनं दिघोरीत पेपर आला आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावानं तो फोटो पाहिला. तुळसा नंदेश्वर आपल्या घरासमोर बाजेवर बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, आणि खाली सुजून खांबासारखा झालेला डावा पाय. चेहरा झाकलेला नव्हता. खाली लिहिलं होतं की हत्तीपायाचे जंत मारणारा रेणू भंडाऱ्यातल्या संशोधकांनी शोधला आहे, आणि अशा रुग्णांचे हाल आता संपणार आहेत.

हत्तीपाय त्या भागात नवा नव्हता. पण तुळसाबाईनं आपला पाय नवऱ्याच्या मयतीच्या दिवशीसुद्धा कुणाला दिसू दिला नव्हता. भाताच्या बांधीत उतरतानाही ती लुगडं खोचत नसे, भिजलं तर भिजू दे म्हणे. त्या दुपारी रोवणाऱ्या बायांमधली एक जण हसत म्हणाली, "तुळसाबाई, तू तं हिरोईन झाली वं." तुळसाबाईनं रोवायला घेतलेले हातातले परे तिथंच चिखलात टाकले आणि ती घरी निघून आली. त्यानंतर ती कुणाच्याच रोवणीला गेली नाही.

फोटो काढला होता डॉ. खेमराज निपाने यांनी. भंडाऱ्याबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात ते संशोधन विभागाचे प्रमुख होते, आणि तुळसाबाईची मुलगी रत्नमाला त्यांच्याच हाताखाली पीएचडी करत होती. तपासणी शिबिरासाठी सर दिघोरीला आले होते. "फाइलसाठी लागतो, डॉक्टरांशिवाय कोणी बघणार नाही," असं सांगून त्यांनी पाय उघडा करायला लावला. रत्नमाला तेव्हा शाळेच्या ओसरीत बाकीच्यांच्या बोटाचं रक्त घेत होती. तिला हे पेपरातूनच कळलं.

ती हा विषय निवडून कॉलेजात आली होती, ते आईच्या पायामुळेच. हत्तीपायाचा जंत माणसाच्या शरीराबाहेर वाढवणं फार अवघड. म्हणून प्रयोगासाठी म्हशीच्या पोटात सापडणारा त्याचा भाऊबंद वापरतात. रत्नमाला पहाटेच्या गाडीनं कामठीच्या कत्तलखान्यात जायची आणि कोमट खारं पाणी भरलेल्या थर्मासमधून जंत घेऊन यायची. पांढरे, सुतळीच्या धाग्यासारखे लांब, सतत वळवळणारे. या जंताच्या अंगात एक एन्झाइम असतं. ते बंद पडलं तर जंत जगू नये, असा अंदाज होता. एन्झाइम बंद पाडणाऱ्या छोट्या रेणूंना इनहिबिटर म्हणतात. ते बाहेरून मागवलेले असत, पांढरी भुकटी, चिमुकल्या कुप्यांमध्ये, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात. रत्नमाला एकेक भुकटी विरघळवून जंतांच्या बशीत घालायची आणि बघत बसायची. बहुतेक वेळा काहीच होत नसे.

सतरा नंबरच्या कुपीनं जंत थांबले. एकूणएक. काडीनं ढोसलं तरी हलेनात. रत्नमालानं सरांना बोलावलं, सरांनी बशी उजेडात धरली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यावर त्यांनी पेपरवाल्याला फोन केला.

पण प्रयोग तिथं संपत नाही. थांबलेला जंत मेला आहे की नुसता सुन्न झाला आहे, हे पाहायचं तर औषधाचं पाणी काढून टाकायचं, जंत स्वच्छ धुवायचे आणि ताज्या द्रावणात ठेवायचे. रत्नमालानं ते केलं. चहा पिऊन आली तर बशीतले जंत पुन्हा वळवळत होते. तिनं सगळं पुन्हा केलं, कुपी बदलून, द्रावण बदलून. जंत प्रत्येक वेळी जागे झाले.

फोटो छापून आल्यावर ती सरांच्या केबिनमध्ये गेली, ती हे दोन्ही विषय घेऊन.

"सर, आईला न विचारता फोटो छापला तुम्ही."

"अगं, चांगल्या कामासाठीच ना. लोकांना रोगाची जाणीव व्हायला हवी. आणि तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"ती घराबाहेर पडत नाही आता."

"पडेल. चार दिवसांनी विसरतात लोक."

"आणि सर, सतरा नंबरनं जंत मरत नाहीत. धुतले की हलतात."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "धुवायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"पद्धतच आहे ती, सर."

"पद्धत मी ठरवतो. तू कुणाला बोलली आहेस का हे?"

"नाही."

"मग बोलू नको. तुझी थिसिस आहे, तुझ्या आईचा आजार आहे. स्वतःच्या हातानं पाणी ओतू नको त्यावर."

ती गप्प बसली नाही. तिनं विभागाच्या बैठकीत सांगितलं. त्यानंतर पंधरवड्याच्या आत कॉलेजची समिती बसली, आणि समितीपुढे सरांनी शांतपणे सांगितलं की या मुलीनं भुकट्या उघड्या ठेवून खराब केल्या, आणि ते झाकण्यासाठी जंत जिवंत झाल्याची गोष्ट रचली. "या मुलींना सगळं आयतं मिळतं," ते शेवटी म्हणाले. "फेलोशिप मिळते, हॉस्टेल मिळतं. मग कामाची किंमत राहत नाही." 'या' म्हणजे कोण, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. कुणी मान वर केली नाही. पीएचडीतून रत्नमालाचं नाव काढून टाकलं गेलं आणि सतरा नंबरची कुपी मागच्या वर्षी आलेल्या स्वाती नावाच्या मुलीच्या हातात गेली.

रत्नमाला हैदराबादला गेली. तिथल्या एका कंपनीत तिला काम मिळालं. बाहेरच्या प्रयोगशाळांनी शोधलेले रेणू कंपनी विकत घेण्याआधी ते खरे आहेत का, हे तपासायचं काम. ती या कामात फार चांगली निघाली. कुणाचाही आकडा ती पुन्हा स्वतःच्या हातानं काढून बघितल्याशिवाय मानत नसे. तिची वरिष्ठ टीना मॅडम, मूळची नागपूरची, तिच्यावर खूश होती.

पण डोक्यातून निपाने सर गेले नाहीत. ती त्यांचा प्रत्येक शोधनिबंध वाचायची. त्यांना पुरस्कार मिळाला, ते उपप्राचार्य झाले, मुंबईत एका मोठ्या सभेत बोलले. तिथं पडद्यावर तुळसाबाईचा पाय पुन्हा झळकला. त्या भाषणाचा व्हिडिओ रत्नमालानं कितीदा पाहिला, तिचं तिलाच ठाऊक. सुरुवातीला तिला वाटे की कुठंतरी तक्रार करावी. मग तेही वाटेनासं झालं. तक्रार केली तर एखादी चौकशी होईल, बंद दाराआड, आणि सर पुन्हा शांतपणे काहीतरी बोलून सुटतील. हा माणूस अजून वर चढू दे, असं तिला वाटू लागलं. सगळे बघत असतील तेव्हाच.

आणि काही वर्षांनी एका सकाळी सतरा नंबर तिच्या टेबलावर आला. नाव बदललेलं होतं, कुपीवरची चिठ्ठी चकचकीत होती, निबंधावर पहिलं नाव स्वातीचं होतं. पण रेणूची आकृती तीच. कंपनीनं तो विकत घेऊन पुढं उंदरांवरच्या चाचण्या सुरू कराव्यात, असा प्रस्ताव होता.

"भंडाऱ्याचं कॉलेज आहे," टीना म्हणाली. "तू तिकडचीच ना? ओळखतेस यांना?"

"गावाकडचं आहे," रत्नमाला म्हणाली. "ऐकून आहे."

तिनं भुकटी विरघळवली. जंत मागवले, थांबवले, धुतले. ते जागे झाले. तिथंच एक ईमेल लिहिला असता तर प्रस्ताव परत गेला असता आणि सरांना सौम्य भाषेत नकार मिळाला असता. तिनं तो लिहिला नाही. टीनाला ती म्हणाली, "आकडे चांगले दिसतात. पण एवढा मोठा निर्णय आहे, प्रयोग त्यांच्या हातून, त्यांच्या जागी बघावा. आपण दोघी जाऊ."

टीनाला ते पटलं. कॉलेजला कळवलं गेलं, आणि कॉलेजनं त्याचा कार्यक्रमच करायचं ठरवलं. सभागृह, मोठा पडदा, पत्रकार, आणि आसपासच्या गावांतले हत्तीपायाचे रुग्ण बसनं आणायचे. हे सगळं निपाने सरांनीच मांडलं. रत्नमालाला काही करावं लागलं नाही.

आदल्या दिवशी ती दिघोरीला गेली. तुळसाबाई चुलीपुढं बसली होती. रत्नमालानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हंजे थे दवाई होतच नाही?" तुळसाबाईनं विचारलं.

"नाही, माय. होणार नव्हतीच."

तुळसाबाईनं लाकडं चुलीत सारली. मग म्हणाली, "तुले ठाऊक होतं, तं त्याले फोन करून काहून नाही सांगितलं?"

"कारण मग कुणाला कळलं नसतं."

"बरं केलं." तिनं मुलीकडं पाहिलं. "माहा फोटो सर्वायनं पाहिला. त्याचं तोंडबी सर्वायनं पाहावं. मी येतो उद्या."

"तू कशाला, माय? तिथं सगळे पाय बघतील."

"पाहू दे. आता लपवून काय रायलं?"

दुसऱ्या दिवशी निपाने सर दाराशी उभे होते. केस पिकले होते, अंगात नवा कोट होता. रत्नमालाला पाहून ते क्षणभर थबकले, आणि मग त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे, रत्नमाला. मॅडम, ही आमचीच विद्यार्थिनी. इथूनच शिकून गेली."

टीनानं रत्नमालाकडं पाहिलं. रत्नमाला सभागृहात शिरली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत रुग्ण बसले होते, त्यांत तुळसाबाई. सरांनी तिला ओळखलं नाही. चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलाच नसावा. मंचावर टेबल, टेबलावर जंतांची बशी, वर कॅमेरा, आणि बशीतलं सगळं मागच्या पडद्यावर मोठं दिसत होतं. टेबलामागं स्वाती उभी होती, पांढऱ्या कोटात, हातमोजे घातलेले. तिनं सतरा नंबरचं द्रावण बशीत सोडलं. सर बोलत होते: या मातीतला रोग, या मातीतलं संशोधन. पडद्यावरचे जंत हळूहळू मंदावले, मग थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका पत्रकारानं पडद्याचा फोटो घेतला.

टाळ्या थांबल्यावर रत्नमाला उठली. "सर, एक विनंती आहे. जंत धुऊन बघू या."

सरांचा चेहरा बदलला नाही. "त्याची गरज नाही. निबंधात सगळं दिलं आहे."

"निबंधात ते नाही, सर. मी वाचला आहे. फार वेळ लागणार नाही."

"मॅडम, जेवण तयार आहे," सर टीनाकडं वळून म्हणाले. "ते नंतर लॅबमध्येही होईल."

"आत्ताच होऊ द्या," टीना म्हणाली. "त्यासाठीच आलो आहोत."

स्वातीनं सरांकडं पाहिलं. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "मी कधी धुतले नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "सर म्हणाले होते की लागत नाही."

"मी सांगते तसं कर," रत्नमाला म्हणाली आणि मंचावर गेली. स्वातीनं पिचकारीनं जुनं पाणी ओढून घेतलं, ताजं कोमट द्रावण घातलं, पुन्हा ओढलं, पुन्हा घातलं. तिला एका शब्दानं आधीच सावध करता आलं असतं, हे रत्नमालाच्या मनात त्या वेळी आलं. ती तिथंच उभी राहिली.

मग वाट पाहणं. सरांनी भाषण पुढं सुरू केलं, पण लोक पडद्याकडं बघत होते. कुणीतरी चहा फिरवला. पडद्यावर पांढरे धागे निपचित पडलेले. सरांच्या आवाजात पुन्हा जोर आला. तेवढ्यात एका जंताचं टोक वळलं, सरळ झालं, पुन्हा वळलं. शेजारचा हलला. मग सगळी बशीच वळवळू लागली.

सर बोलायचे थांबले.

पुढच्या रांगेतून तुळसाबाई उठली. "थे तं जित्ते हायेत," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तापमानाचा फरक पडतो," सर म्हणाले. "ही भुकटी जुन्या लॉटची असेल. स्वाती, कोणती कुपी काढलीस तू?"

"तुम्हीच दिली सर," स्वाती म्हणाली.

"भुकटी जुनी नाही," रत्नमाला म्हणाली. "जंत मरत नाहीत हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. याच इमारतीत मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही समितीपुढं मला खोटं ठरवलंत. म्हणालात, या मुलींना सगळं आयतं मिळतं. आता पुन्हा म्हणा. सगळे आहेत इथं."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. रत्नमाला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं हे तोंड मनात ज्या रीतीनं पाहिलं होतं, तसंच ते आता दिसत होतं. ती ते पोटभर बघत होती आणि तिला लाज वाटत नव्हती.

तुळसाबाई मंचाच्या पायरीपर्यंत आली होती. तिनं लुगडं हातानं वर उचललं, गुडघ्यापर्यंत. "हा पाय ओळखता का, साहेब?" तिनं विचारलं. "माहा फोटो कोनाले इचारून छापला होता?"

कॅमेरे तिच्याकडं वळले. तिनं लुगडं खाली केलं नाही. मग ती वळली आणि सगळ्यांच्या मधून सावकाश चालत बाहेर गेली.

पुढं जे व्हायचं ते झालं. निबंध मागं घ्यावा लागला. चौकशी लागली, निपाने सरांचं उपप्राचार्यपद गेलं, विभाग त्यांच्याकडून काढून घेतला गेला. पुरस्कार देणाऱ्या संस्थेनं तो परत मागितला. पेपरांत या वेळी त्यांचा फोटो आला, ग्लास हातात धरलेला. ते पवनीला आपल्या घरी जाऊन राहिले. कुणाला भेटत नाहीत, असं रत्नमालाच्या कानावर आलं. ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि अजून काही कानावर यावं असंही वाटलं.

पण ते नंतर. त्या दिवशी परतताना गाडीत टीना गप्प होती. नागपूर जवळ आल्यावर तिनं विचारलं, "तू हा रेणू हैदराबादलाच तपासला होतास ना?"

"हो."

"आणि ते जंत तिथंही हलले."

"हो."

"मग मला इथं कशाला आणलंस?"

"साक्षीला," रत्नमाला म्हणाली.

टीना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझं काम काय आहे, रत्नमाला? खरं-खोटं सांगणं. तुला खरं माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. त्यांनीही तेच केलं." महिन्याभरात रत्नमालाला कंपनी सोडायला सांगण्यात आलं. तिनं वाद घातला नाही.

तिला एकच गोष्ट टोचत होती. स्वातीची पीएचडी त्या निबंधावर उभी होती, ती रद्द झाली. स्वातीचं घर मोहाडीला होतं. वडील हातमागावर साड्या विणायचे. एका दुपारी रत्नमाला तिथं गेली. आत माग चालू होता, तो तिला पाहून थांबला. स्वातीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती दारालाच टेकून उभी राहिली.

"तुझ्या कामाचं काही करता येईल," रत्नमाला म्हणाली. "नागपूरला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडं नव्यानं नाव नोंदव. मी बोलते. तुझ्यावर कुणी खोटेपणाचा ठपका ठेवलेला नाही."

"तुम्हाले अगोदर माहीत होतं ना, ताई?"

"हो."

"मी टेबलाशी उभी होती. सगळे मलेच पाहून राहिले होते. तुम्ही मले एक फोन केला असता तं मी आदल्या दिवशी धुऊन पाह्यलं असतं. मीच सांगितलं असतं सगळ्यांले."

"तू सरांना सांगितलं असतंस. आणि त्यांनी कार्यक्रम रद्द केला असता."

"मलेबी त्यांनी फसवलंच. पन तुम्ही मले त्यांच्यासोबत धरलं."

मागाच्या बाजूनं वडिलांचा खोकला ऐकू आला.

"एक इचारू?" स्वाती म्हणाली. "खरं सांगजा. आता पुन्हा तसंच असतं, मी तिथं उभी असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

रत्नमालानं विचार केला. दुसरं काही म्हणता आलं असतं. स्वातीलाही बहुधा तेच ऐकायचं होतं.

"तेच केलं असतं," ती म्हणाली.

"मंग जा, ताई," स्वाती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं तांब्या उचलला आणि ती आत गेली. माग पुन्हा सुरू झाला. रत्नमाला ओसरीत थोडा वेळ बसून राहिली, मग चपला घालून बसथांब्याकडं निघाली.